सतरा महिने

माझी मुलगी जपानी कार्टून बघते. कार्टून म्हटलेलं तिला खपत नाही, अ‍ॅनिमे म्हणायचं. सातवीत आहे, कल्याणच्या शाळेत, आणि वर्गातल्या निम्म्या मुली हेच बघतात असं ती सांगते. रविवारी जेवणं झाली की ती लॅपटॉप स्टुलावर ठेवते आणि मी मागे दिवाणावर आडवी होते. आठवडाभर कंपनीच्या बसनं कल्याणहून घोडबंदर रोडला जायचं आणि परत यायचं. भिवंडी बायपासला बस एकदा थांबली की ड्रायव्हर खाली उतरून, चहा पिऊन, दोन फोन करून परत येतो, तरी आम्ही तिथेच असतो. रविवारी माझ्यात बसायचीसुद्धा ताकद नसते. मी पडल्या पडल्या बघते, अर्ध्यात झोपते, आणि जागी झाले की "आता काय झालं?" म्हणून विचारते. ती न कुरकुरता सांगते, हे मात्र कबूल करायला हवं.

या हिवाळ्यात जे चाललं होतं ते लांब उडी मारणाऱ्या एका मुलीबद्दल होतं. समुद्राकाठचं लहानसं गाव, शाळेचा गणवेश, डोळे बशीएवढे. तिला सगळे उपजत गुणी म्हणतात. सराव करत नाही, तरी जिंकते. या मालिकेत एक उडी मारायला अख्खा भाग लागतो. मुलगी पळायला लागते आणि उडी घ्यायच्या फळीपर्यंत पोचेस्तोवर तिचं बालपण, भांडलेली मैत्रीण, गेलेली मांजर, सगळं दाखवून होतं. मी एक डुलकी काढून उठायची तरी ती हवेतच असायची. आमच्या वेळी तीन सेकंदांत निकाल लागायचा आणि वाळू झटकत बाजूला व्हायचं, असं मी म्हटलं की लेक म्हणायची, "आई, तू गप ना."

एका भागात मात्र ती मुलगी पळत आली आणि फळीपाशी थांबली. उडीच मारली नाही. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. मग ती कपडे बदलायच्या खोलीत एकटीच भिंतीकडे तोंड करून बसते. चष्मा माझ्या हाताशी नव्हता, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं लेक मला मराठीत करून सांगत होती.

"ती म्हणतेय, मी कशी उडी मारते ते मलाच माहीत नाहीये. सगळे म्हणतात टॅलेंट आहे. पण समजा नसलंच, तर मी काय दुरुस्त करू?"

मी उठून बसले. झोप कुठल्या कुठे गेली.

"किती लकी आहे ना," लेक म्हणाली. "तिच्याकडे डाउट घ्यायला टॅलेंट तरी आहे." मग लॅपटॉप बंद करून, माझ्याकडे न बघता, "मी जिल्ह्याच्या सिलेक्शनला नाही जाणारे. सरांना तू सांग."

माझी लेकही लांब उडी मारते, हे सांगायचं राहिलं. तिनं ते माझ्यामुळे सुरू केलं. मी आठवीत आणि नववीत असताना, चौदा वर्षांखालच्या मुलींमध्ये, जिल्ह्यात सलग दोन वर्षं पहिली आले होते. दुसऱ्या वर्षीची उडी चार मीटर बहात्तर सेंटिमीटर. मला तेव्हा शिकवणारे सर आता सत्तरीला आलेत, तरी रोज सकाळी कल्याणच्या मैदानावर टोपी घालून उभे असतात, आणि लेकीला तेच शिकवतात. शिकवतात म्हणजे, पाच मिनिटं शिकवतात आणि पंधरा मिनिटं माझी चार-बहात्तर सांगतात. "हिच्या आईचं रक्त आहे, येईल, येईल," हे त्यांचं पालुपद. लेकीनं कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. त्यावर फक्त 4.72 लिहिलेलं. तिची स्वतःची सगळ्यात चांगली उडी तीन-नव्वद होती.

"का नाही जाणार?" मी विचारलं.

"जाऊन काय करू? सातवी येऊ? तू आठवीतच जिंकली होतीस. माझ्यात ते नाहीच आहे. सर उगाच बोलतात."

मी म्हटलं, बघू. आई असण्याच्या धंद्यात हा शब्द फार उपयोगी पडतो. पण त्या आठवड्यात मी सकाळी लवकर उठून, डबे भरून, मैदानावर डोकावले. ती पळत येत होती, चांगली, सरळ, लहान लहान पावलांनी, आणि फळीपाशी आली की वाळूतून तशीच धावत पुढे जात होती. सहा वेळा बघितलं मी. सर ओरडत होते, "अगं उचल! आई नुसती उचलायची!" मी झाडामागेच थांबले आणि तशीच बसस्टॉपवर गेले. माझ्या मुलीला माझ्याच नावानं कोणीतरी मारत होतं आणि मला ते थांबवता येत होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. थांबवायला काय बोलावं लागेल तेही ठाऊक होतं. नको वाटत होतं, एवढंच.

आता ते काय, ते सांगते.

माझा जन्म गावी घरात झाला. वडील इकडे अंबरनाथला कारखान्यात, आम्ही देशावर, आजीपाशी. कल्याणला खोली झाली तेव्हा आई मला घेऊन आली, आणि मामा मला शाळेत घालायला घेऊन गेला. मला सात पुरी व्हायला आली होती. शाळेत म्हणाले, पहिलीला मोठी होते, दुसरीत घ्यायची तर वाचता यायला हवं. मला वाचता येत नव्हतं. मामा गावी जाऊन दाखला घेऊन आला. गावच्या दाखल्यावर तेव्हा सांगाल ती तारीख पडायची. मामानं माझं वय सतरा महिन्यांनी कमी केलं. त्यात कोणाला फसवायचा हेतू नव्हता. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये, एवढंच.

आमच्या पिढीतल्या ज्यांची तारीख एक जून असते ते सगळे जाणून असतात की ती गुरुजींनी लावलेली आहे. मामा हुशार. त्यानं जानेवारीतली एक साधीसुधी तारीख दिली. त्यामुळे मला कधी शंका आली नाही. शाळेत जानेवारीत मी गोळ्या वाटायची, आणि आई मला श्रावणात तिथीला ओवाळायची. तिथी आणि तारीख यांचं जमत नाही हे मला माहीत होतं, सणांचंही जमत नाहीच की दरवर्षी. माझं इतकं का जमत नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. वर्षाचा आकडा घरात कोणी उच्चारला नाही. मुद्दाम लपवला असंही नाही, कामच पडलं नाही.

मी वर्गात सगळ्यांहून उंच होते. पळायला लागले की मुली मागे पडायच्या. सहावीत सरांनी मला उचललं आणि वाळूच्या खड्ड्यापाशी नेऊन उभं केलं. मी काही न शिकता उडी मारली आणि त्यांनी टेप तीनदा लावून बघितला. तेव्हापासून मी "उपजत". हा शब्द मला इतका आवडायचा की मी सराव करताना कोणी बघत नाही ना ते बघायची. दोन वर्षं पेपरात नाव आलं, शाळेत फळ्यावर आलं, वडिलांनी कारखान्यात पेढे नेले.

मग दहावी, मग अकरावी. मोठ्या गटात गेले आणि माझी उडी जिथल्या तिथे. चार-पंच्याहत्तर, चार-सत्तर. माझ्या खांद्याला लागणाऱ्या मुली एका वर्षात ताडमाड झाल्या आणि पाच मीटरच्या पुढे पडायला लागल्या. मी पहाटे उठून पायऱ्या चढले, कच्ची अंडी प्यायले, देव झाले, नवस झाले. काही हललं नाही. शेवटी सरांनी एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं, "देवानं दिलं होतं तुला. तू माती केलीस." मी घरी आले, बूट पिशवीत घातले, आणि परत काढले नाहीत. पुढची सात-आठ वर्षं मी मनाशी हेच म्हणत राहिले की मी एक मोठी देणगी आळसानं घालवली. कुठलीही गोष्ट बिघडली, परीक्षा, नोकरी, साधी भाजी करपली, तरी मला ते वाक्य ऐकू यायचं.

लग्नाचं बघायला लागले तेव्हा आईनं ट्रंकेतून पत्रिका काढली. आजोबांनी गावी गुरुजींकडून करून घेतलेली, हळदीचे डाग पडलेली. मी सहज हातात घेतली आणि साल वाचलं. चुकलंय म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. "चुकलं नाही. शाळेसाठी मामानं कमी लावलंय. त्यात काय एवढं? सगळ्यांचं असतं." तिची काळजी वेगळीच होती. स्थळाकडच्यांनी पत्रिका आणि दाखला शेजारी ठेवून बघितला तर काय सांगायचं, ही.

मी त्या दुपारी एका बैठकीत सतरा महिन्यांनी म्हातारी झाले. त्याचं काही नाही. पण मी बोटांवर मोजलं. चौदा वर्षांखालच्या गटात मी दुसऱ्यांदा जिंकले तेव्हा माझं वय पंधरा वर्षं चार महिने होतं. त्या वयात सतरा महिने म्हणजे काय असतं हे ज्याला वाढत्या वयाचं पोर आहे त्याला सांगायला नको. माझी उंची आधी झाली आणि आधी थांबली. देवानं काही दिलं नव्हतं आणि मी काही घालवलंही नव्हतं. मला वाटलं होतं, हे कळल्यावर हलकं वाटेल. आळशीपणाचा डाग गेला, तो बरा गेला. पण त्याच्यासोबत ती उडी मारणारी मुलगीही गेली, आणि आयुष्यात माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं. मी कोणाला काही बोलले नाही. नवऱ्याला वय तेवढं सांगितलं, उडीचं नाही सांगितलं.

गंमत म्हणजे मी आता नोकरी करते ती विम्याच्या कागदपत्रांची. लोकांच्या जन्मतारखा जुळवणं हे माझं काम. आधारवर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी, पॅनवर तिसरी. दिवसभर मी लोकांचे अर्ज परत पाठवते, "तारीख जुळत नाही." माझे स्वतःचे सगळे कागद चोख जुळतात. मामाच्या कृपेनं मला निवृत्तही सतरा महिने उशिरा व्हायचंय. गुडघे खऱ्या तारखेनं दुखतात आणि नोकरी खोट्या तारखेनं चालू आहे.

तर, पुढच्या रविवारी मी पाच किलो मटार आणले. निवडीला चार दिवस राहिले होते. कार्टून लावायच्या आधी लेकीला म्हटलं, बस जरा सोलायला. पेपर पसरला, मध्ये परात ठेवली. मटार सोलताना माणूस माणसाकडे बघत नाही, शेंगेकडे बघतो, हे मला हवं होतं.

मी सगळं सांगितलं. मामा, दाखला, तिथी, पत्रिका. ती सोलत होती. पंधरा वर्षं चार महिने म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"म्हणजे तू चीटिंग केलीस?"

"मला माहीत नव्हतं गं."

"पण झालं ना."

"हो. झालं."

"म्हणजे चार-बहात्तर..."

"उडी मारलेली खरी आहे. पण ती तेरा वर्षांच्या मुलीची नाही. तू स्वतःला जिच्याशी मोजतेस ना, ती मुलगी नव्हतीच कधी."

मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल, नाहीतर निदान सुटल्यासारखं हसेल. मी दोन रात्री तळमळून ही वाक्यं जुळवली होती. ती एक शेंग नखानं फाडत म्हणाली, "दुसरी कोण आली होती?"

"कधी?"

"तू पहिली आलीस तेव्हा. दोन्ही वेळा. दुसरी कोण होती?"

हे मला तीसेक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. खरं सांगायचं तर पत्रिका बघितली त्या दुपारी मी फक्त माझंच काय गेलं ते मोजत बसले होते.

दुसरी आली होती ती एक बारकीशी मुलगी. टिटवाळ्याकडच्या कुठल्या तरी शाळेची, दोन्ही वर्षं तीच. दोन वेण्या वर बांधलेल्या, पायात बूट नाहीत, कॅनव्हासचे साधे जोडे. माझ्याहून एक इयत्ता मागे होती, म्हणजे खऱ्या हिशोबानं जवळजवळ अडीच वर्षांनी लहान. दुसऱ्या वर्षी तिनं चार-चाळीस मारली होती. बक्षिसाच्या वेळी ती खालच्या पायरीवरून माझ्याकडे मान वर करून बघत होती. म्हणाली, "तुझं वेगळंच आहे." मी हसले होते. तिसऱ्या वर्षी मी मोठ्या गटात गेले. लहान गटाच्या खड्ड्यापाशी सहज गेले तर ती दिसली नाही. तिच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिनं सोडलं. म्हणाली, माझ्यात ते नाहीये." त्या वर्षी जी मुलगी जिंकली तिची उडी चार-एकवीस होती.

हे सगळं माझ्या तोंडून निघून गेलं आणि मग मला कळलं की मी काय सांगतेय.

लेक उठली. "तू तिला शोधलं नाहीस? नंतर तुला कळलं होतं ना."

"कुठे शोधणार होते? नावसुद्धा..."

"नाव माहीत नाही तुला?"

मला नाव आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पाच किलो मटार मी एकटीनं सोलले. मला तिचा राग आला होता हे लपवत नाही. एवढं काळीज काढून समोर ठेवावं आणि पोरीनं भलत्याच मुलीची बाजू घ्यावी. संध्याकाळपर्यंत राग उतरला आणि नुसतं दमल्यासारखं झालं. कपाटाच्या दारावरचा कागद तिनं काढून टाकला होता.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. निवडीच्या दिवशी मी रजा टाकली होती, पण ती जाणार की नाही ते विचारायची माझी छाती नव्हती. सकाळी उठून बघते तर बूट घालून दारात बसलेली. आम्ही बसनं ठाण्याला गेलो.

स्टेडियममध्ये मंडपाखाली टेबल होतं आणि एक बाई जन्मदाखले तपासत होत्या. मी रांगेत उभी राहिले आणि माझं मलाच कळायच्या आत मी मुली बघायला लागले. ही तेराची नाही. हिचे खांदे बघा. ही नक्की पंधराची. रोजची सवय, दुसरं काय. एका उंच सावळ्या मुलीकडे मी इतकी रोखून बघत होते की ती ओशाळून आईच्या मागे सरकली. कदाचित ती नुसतीच उंच असेल. असतात मुली उंच. मला माझी लाज वाटली आणि मी पायऱ्यांवर जाऊन बसले.

सर आधीच येऊन बसले होते. टोपी, थर्मास, नेहमीचं सगळं. म्हणाले, "आज बघ, उचलेल. रक्त कुठे जातं?"

मग मी त्यांनाही सांगितलं. चार वाक्यांत. सर खड्ड्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "आठवीतल्या मुलीच्या पिंढऱ्या कशा असतात ते काय मला कळत नव्हतं? पण तेव्हा कुणाकुणाचं बघायचं. आणि विचारलं असतं तर तू गेली असतीस. माझ्याकडे दुसरं होतं कोण?"

"मग सर, माती केलीस असं का म्हणालात?"

त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. "मलाही वाटायचं ना, की असेल. थोडं तरी असेल."

मला ओरडावंसं वाटत होतं. या माणसाच्या एका वाक्यावर मी माझी विशी काढली होती. पण शेजारी बसलेला माणूस म्हातारा होता, आणि समोर माझ्या मुलीचा नंबर पुकारला होता. मी एवढंच म्हटलं, "सर, तिला आता माझं काही सांगू नका. तिला फक्त पाऊल कुठे पडतंय ते सांगा." त्यांनी मान हलवली.

पहिल्या वेळी ती फळीवरून तशीच धावत गेली. दुसऱ्या वेळी उडाली, पण पाय फळीच्या पुढे पडला होता, लाल झेंडा वर गेला, उडी बाद. तिसऱ्या वेळी सर उठून जाळीपाशी गेले आणि ओरडले, "सुरुवात अर्धं पाऊल मागून!" बाकी काही नाही. ती मागे सरकली, पळत आली आणि उडाली. तीन सेकंद. तिचं बालपण वगैरे काही दिसलं नाही मला, नुसती वाळू उडाली. तीन-सत्त्याऐंशी. स्वतःच्या नव्वदपेक्षा तीन सेंटिमीटर कमी. सातवी आली. पहिल्या चौघी घेतल्या. ती उंच मुलगी पहिली आली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. माजिवड्याला बस अडकली, तासभर तरी हलणार नव्हती. लेक बुटातली वाळू मुठीत घेऊन खिडकीतून टाकत होती. मी म्हटलं, टाकू नकोस, कोणाच्या डोळ्यात जाईल. तिनं मूठ मिटली.

"आई, पहिल्या चौघी खऱ्या असतील का गं?"

"माहीत नाही."

"त्यांना तरी माहीत असेल?"

"नसेलही. मला कुठे होतं."

ती पुढच्या सीटच्या पाठीवर बोटानं काहीतरी गिरवत होती. मला वाटलं, आता म्हणेल, सोडते. मी म्हणायचं ठरवून टाकलं होतं, सोड बाई, काही बिघडत नाही. मी खरंच इतकी दमले होते की तिनं सोडलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पहाटे उठायला नको, सरांना तोंड द्यायला नको.

"ती टिटवाळ्याची," लेक म्हणाली, "ती तिसऱ्या वर्षी आली असती तर जिंकली असती ना?"

"हो."

"नक्की?"

"चार-चाळीस मारत होती ती. हो, नक्की."

"मग मी पुढच्या वर्षी येणार," ती म्हणाली, आणि डोकं खिडकीला टेकून डोळे मिटले.

त्या मुलीला तेव्हा कोणीतरी एवढं सांगायला हवं होतं की अजून एक वर्ष ये. तिची चार-चाळीस तिची स्वतःची होती, आणि तिच्या वरच्या पायरीवर जी उभी होती तिच्याशी स्वतःला मोजायचं तिला काही कारण नव्हतं. पण हे तिला सांगू शकेल असं त्या मैदानावर कोणीच नव्हतं. मीही नव्हते. मला माझंच वय माहीत नव्हतं.